डोंगा सोडण्याचा ठराव

धारखेडच्या ग्रामसभेच्या ओसरीवर एक काळा फळा टांगलेला होता. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, ‘या गावातील आजवरचे ठराव’, पुढे खडूने आकडा, आणि खाली पुन्हा पांढऱ्या रंगात, ‘सर्व एकमताने’. बदलायचा तो आकडा तेवढा. एकोणऐंशीच्या भादव्यात तो चारशे अकरा होता. खडू महादेवरावांच्या कोटाच्या खिशात असे, आणि दुसऱ्या कुणी आकड्याला हात लावलेला त्यांना खपत नसे.

धारखेड हे वर्धा नदीच्या काठावरचं ग्रामदानी गाव. अठरा वर्षांपूर्वी गावाने जमिनी ग्रामसभेच्या नावे करून दिल्या, आणि तेव्हाच ठरलं की इथे मतदान म्हणून होणार नाही. बहुमत म्हणजे एकावन्नांनी एकोणपन्नासांच्या डोक्यावर बसणं. इथे जे होईल ते सगळ्यांच्या संमतीने; एकाची जरी ना असली तरी ठराव नाही. महादेवराव तेव्हापासून अध्यक्ष, तेही अर्थात एकमताने. पवनारच्या आश्रमात आलेल्या पाहुण्यांना जीपमध्ये घालून मुद्दाम इकडे आणत. पुण्याचे प्राध्यापक येत, एकदा एक जपानी बाई आल्या. सगळे एकच विचारत, हे जमतं कसं? महादेवराव उपरण्याने चष्मा पुसत आणि म्हणत, “प्रेमानं.”

प्रेम होतंच, नाही कोण म्हणतो. पण प्रेमाच्या जोडीला रांजणही होता. ओसरीच्या मागे, निंबाखाली, गार पाण्याचा. सभेत एखाद्याला ठराव पटेनासा झाला की तासभर त्याची समजूत घालायची, दोन तास घालायची, आणि तरी तो अडला तर कुणीतरी मायेने म्हणायचं, “भाऊ, घसा सुकला असन तुमचा. पाणी पिऊन या.” शहाणा माणूस उठायचा, रांजणापाशी जायचा, पाणी पिऊन एक बिडी ओढायचा. तेवढ्यात आत ठराव होऊन जायचा. आत बसलेल्या सगळ्यांचं एकमत असे, त्यात लबाडी काही नव्हती. बिडी विझवून माणूस परत यायचा तेव्हा पुढचा विषय निघालेला असायचा. इतर गावांत निवडणुकीत डोकी फुटत. धारखेडात फार तर पाणी जास्त लागे.

डोंग्याचा ठरावही असाच झाला होता, सहा वर्षांमागे. गावाची निम्मी वावरं नदीपलीकडे, आणि पुलावरून जायचं तर सात कोसांचा वळसा. डोंगा हवाच होता. लाकूड मात्र हवं तसं एकाच ठिकाणी होतं: मनकर्णाबाईच्या वावरात, धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, मोह. दोघांच्या कवेत न मावणारा. मनकर्णाबाई विधवा, लेकी नांदायला गेलेल्या. चैत्रात त्या झाडाखाली पहाटेपासून फुलं वेचत बसायची आणि झाडाशी बोलायची, असं लोक सांगत. जमीन ग्रामसभेची, म्हणून झाडही ग्रामसभेचंच, असं सभेचे चिटणीस किसनराव यांनी नियम काढून दाखवलं. मनकर्णाबाई त्या दिवशी सभेला आली होती. ती तोंड उघडणार तोच किसनरावांच्या बायकोने तिला पाणी प्यायला बाहेर बोलावलं. ती लुगड्याच्या पदराला ओठ पुसत परत आली तेव्हा ठराव क्रमांक दोनशे अठ्ठ्याण्णव झाला होता. आठवड्याने झाड पडलं.

ती त्यानंतर सभेला कधी आली नाही. न आलेल्याची संमती धरावी, असा आणखी एक ठराव होता, त्यामुळे तिची उणीव कुणाला भासली नाही. महादेवरावांना तर ती सगळ्यात समंजस बाई वाटे.

तर त्या भादव्यात नदीला पूर आला. तीन दिवस वर कुठेतरी धो धो पडत होतं. चौथ्या दिवशी सकाळी पाहतात तो पलीकडची वावरं दिसेनाशी झाली, आणि मनकर्णाबाईच्या गोठ्याच्या छपरावर चार जीव: राखणीला राहिलेली स्वतः मनकर्णाबाई, निंदायला गेलेली रुखमा, तिच्या कडेवरचं तान्हं पोर, आणि बैल सोडवायला म्हणून गेलेले वासुदेवराव. बैल पोहून अलीकडे आले होते. वासुदेवरावांना पोहता येत नव्हतं.

ग्रामसभा ताबडतोब बसली. डोंगा पुरात घालावा की घालू नये यावर दोनच तास चर्चा झाली. गावाचा इतका मोठा विषय दोन तासांत उरकल्याचं पूर्वी कधी घडलं नव्हतं, आणि त्याचा महादेवरावांना आतून अभिमान वाटला. दोन माणसं पाणी पिऊन आली. ठराव चारशे बारा झाला. डोंगा वल्हवणारा जंगलू गोंड सकाळपासून वल्हं खांद्यावर घेऊन काठावर उभा होता. त्याचं काय म्हणणं आहे हे सभेने विचारलं नाही, कारण तो वेळेवर सभेला आलाच नव्हता.

महादेवराव स्वतः डोंग्यात चढले. हे मात्र खरंच हिमतीचं काम होतं. माणूस भित्रा नव्हता. चढताना ते किसनरावांना म्हणाले, “तुमी बी चला. कायी निर्णय घ्याची पाळी आली तं?” किसनरावांनी ठरावांचं बुक युरियाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलं, शाईचा पेन खिशाला लावला, छत्री घेतली आणि कपाळाला हात लावून डोंग्यात बसले.

जंगलूने डोंगा धारेला तिरपा घालून बरोबर गोठ्याला नेऊन लावला. छपरावरची माणसं उतरवून घेतली. मनकर्णाबाई शेवटी उतरली. तिने डोंग्याच्या फळीवर तळवा ठेवला आणि जराशाने काढला. परत फिरले. अर्धी नदी ओलांडली असेल नसेल, तोच खालून खरखर आवाज झाला आणि डोंगा थांबला. पाण्याखाली बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यात तो पुरता रुतून बसला होता. काटेरी फांद्या दोन्ही अंगांनी वर आल्या होत्या. तळाची एक फळी फाकली आणि पाणी बुडबुड करत आत येऊ लागलं. वासुदेवराव टोपीने पाणी उपसू लागले.

“जंगलू, ढकल ना बाप्पा,” महादेवराव म्हणाले.

“वजन भल्ला हाय जी,” जंगलू म्हणाला आणि वल्ह्याने फांद्या दाबत राहिला.

अर्ध्या तासाने इंजिनाचा आवाज आला. तहसिलीने मागवलेली सरकारी बोट तळेगावपर्यंत ट्रकवर आली होती आणि तिथून नदीत उतरली होती. बोटीत एक हवालदार आणि इंजिन सांभाळणारा एक जवान. हवालदार नागपूरकडचा हिंदी बोलणारा, तीन दिवसांचा जागा, डोळे लाल. त्याने बोट डोंग्याला टेकवली, दोर फेकला आणि म्हणाला, “छोडो नाव. एक एक करके इधर आओ. जल्दी.”

जंगलूने दोर धरला. रुखमा पोर छातीशी धरून उठलीच. महादेवरावांनी हात वर केला.

“एक मिनिट. डोंगा सोडाचा म्हणजे गावाची वस्तू सोडाची. थे माह्या एकट्याच्या अधिकारात नाई.”

हवालदाराला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. “क्या बोला?”

“ये गांव की मिलकियत है साहेब,” महादेवरावांनी जमेल तशा हिंदीत समजावलं. “हमारे यहां सब एकमत से होता है.”

हे ऐकताना हवालदाराच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पुण्याच्या प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर कधी आलं नव्हतं. पण महादेवरावांचा जीव खरोखरच कोंडीत सापडला होता. पाण्याचं भय त्यांनाही वाटत होतं, घोट्यापर्यंत चढलेलं गार पाणी जोड्यात शिरत होतं. पण अठरा वर्षं ज्यासाठी जगलो ते आज एका बाभळीपायी सोडून दिलं, अध्यक्षानेच आधी उडी मारली, असं लोक म्हणतील, हे भय पाण्याच्या भयापेक्षा मोठं होतं. दुसऱ्या माणसाला घर असतं, मुलंबाळं असतात. महादेवरावांनाही ती होती, पण फळ्यावरच्या आकड्याइतकं त्यांचं असं दुसरं काही नव्हतं.

“नियम हाय,” किसनराव छत्रीखालून म्हणाले. ते अशा वेळी नेहमी कामी यायचे. “तातडीच्या प्रसंगी हजर सभासदांनी एकमतानं ठरवावं. आपण अथी हजर हाओत. चालते.”

“झालं तं मंग,” महादेवरावांना हायसं वाटलं. “लिहा.”

मनकर्णाबाईने रुखमेच्या दंडाला धरलं. “तू जाय वं. पोराले घेऊन जाय.”

“वहिनी, ठराव व्हायचा हाय,” महादेवराव म्हणाले.

“थे पोरगं सभासद नाई,” मनकर्णाबाई म्हणाली आणि पोर उचलून सरळ हवालदाराच्या हातात दिलं. मागोमाग रुखमाही गेली. नियमाला बोट ठेवायला जागा नव्हती, कारण पोराच्या आईशिवाय पोर राहणार कसं.

किसनरावांनी बुक मांडीवर घेतलं. जंगलू एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने छत्री धरून उभा राहिला. किसनरावांची भाषा ठरावात शिरली की गाव सोडून थेट कचेरीत जायची. त्यांनी लिहिता लिहिता वाचलं, “ठराव क्रमांक चारशे तेरा. ग्रामसभा सदर डोंगा व त्यावरील आपला सर्व हक्क, अधिकार व संबंध आज रोजी सर्वानुमते कायमचा सोडीत आहे.”

“बरोबर,” महादेवराव म्हणाले. “कोणाची ना?”

ही त्यांची अठरा वर्षांची सवय. विचारायचं आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जायचं.

“माही ना हाय,” मनकर्णाबाई म्हणाली.

किसनरावांच्या पेनातून शाईचा एक थेंब कागदावर पडला. वासुदेवरावांचा उपसा थांबला. मनकर्णाबाई डोंग्याच्या मधल्या फळीवर मांडी घालून बसली होती, पाणी तिच्या लुगड्याच्या काठाला लागत होतं आणि तिचा चेहरा बाजाराला निघालेल्या बाईसारखा शांत होता.

“काऊन वहिनी? डोंगा डुबून राह्यला. आपण बी डुबू.”

“डुबू दे डुबला तं. सोडाले माही ना नाई. ‘सर्वानुमते’ले ना हाय. माहा मोह कापला तवा बी तुमी सर्वानुमते लिहिलं. मी तं हो म्हटलं नवतं. मले पाणी प्याले पाठवलं. तहान बी नवती मले त्या दिशी.”

महादेवरावांच्या मनात पहिली गोष्ट जी आली, तिची त्यांना पुढे आयुष्यभर शरम वाटली. त्यांनी सरकारी बोटीकडे पाहिलं. बोटीत पाण्याची छागल लटकत होती. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “वहिनी, दोन मिनिटं त्या बोटीत जाऊन बसा. छागल हाय तथी. जराशीक पाणी पिऊन घ्या.”

ती हसली. दात पडलेल्या तोंडाने, मोकळी. “चारी मेर पाणीच हाय भाऊजी. अजून कुठी पाठवता?”

हवालदार ओरडला की पाच मिनिटं, पाच मिनिटांनी मी दोर कापणार. पाणी नडगीपर्यंत आलं. आता वासुदेवरावांनी उपसायची टोपी डोक्यावर घातली. ओली टोपी कानांवरून गळू लागली. ते म्हणाले, “निघालंच हाय तं सांगतो महादेवभाऊ. शाळा खालच्या आळीत बांधली, त्याले मी बी हो म्हटलं नवतं. बाहीर होतो मी. बिडी पीत होतो.”

“वासुदेवराव, ही वेळ हाय काय?”

“मंग कवा सांगू? डुबल्यावर?”

किसनरावांनी बुक मिटलं. चिटणीस माणूस, सहसा मत देत नाही. पण नडगीभर पाण्यात माणूस जरा खरा होतो. “मले बी,” ते खाली पाहत म्हणाले, “सहा ठराव पटले नवते. लिहिताना आत बसा लागते, म्हणून बाहीर जाता आलं नाई.”

महादेवरावांना वाटलं, खाली फाकलेली फळी आपल्या छातीतली आहे. त्यांनी जंगलूकडे पाहिलं. जंगलूने नजर फिरवली. त्याला एवढंच म्हणायचं असावं की मोह हे आमच्या लोकांचं देवाचं झाड, ते कापायला मी आलो नव्हतो, नंतर तुम्ही वल्हं तेवढं माझ्या हातात दिलं. पण त्याने दोर तेवढा घट्ट धरला.

अठरा वर्षं. चारशे बारा ठराव. आणि त्यातला एकही, एकही, सगळ्यांचा नव्हता. हे आपल्याला माहीत नव्हतं असं महादेवरावांना स्वतःशी म्हणता आलं असतं, तर बरं झालं असतं. पण रांजण कोरडा पडला की तो भरून ठेवा म्हणून सांगणारे तेच होते. सभेच्या आदल्या दिवशी आठवणीने. त्यांना रडू येऊ लागलं, आणि पुरात रडायचा एक फायदा असतो, तो त्यांनी घेतला.

“मनकर्णावहिनी,” ते म्हणाले. शब्द जड दगडासारखा एकेक उचलावा लागत होता. “मोहाच्या झाडाले तुमी हो म्हटलं नवतं. आमी तुमाले बाहीर पाठवलं. मी पाठवलं.”

“मोठ्यानं सांगा. त्या हवालदाराले बी आइकू येऊ द्या.”

त्यांनी मोठ्याने सांगितलं. हवालदाराला मोह, ठराव, वहिनी यातलं काही कळलं नाही, पण त्याने घड्याळाकडे पाहत जोरात मान डोलावली.

मनकर्णाबाई उठली. “आता हो हाय माही. लिहा सर्वानुमते. अन् काय ते कायमचं लिहिलं ना, थे बी राहू द्या. चांगलं हाय.” तिने स्वतःच्या हाताने सही केली, सातवीतल्या नातीने शिकवलेली, मोठ्या अक्षरात, दोन ओळी व्यापणारी. मग सगळ्यांनी सह्या केल्या. धारखेडच्या इतिहासातला पहिला खरोखरचा एकमताचा ठराव बुडत्या डोंग्यात, छत्रीखाली, चार मिनिटांत झाला, आणि माणसं एकेक करून सरकारी बोटीत उतरली. शेवटी जंगलूने पाय उचलला.

तो पाय उचलला जाताच डोंगा हलला. बाभळीच्या फांद्या करकरल्या, डोंगा वीतभर वर आला, अंग झटकल्यासारखा सुटा झाला आणि अर्धा पाण्याने भरलेला असा धारेला लागून डौलाने निघून गेला. लाकूडच ते, बुडणार थोडंच.

“हलका झाला,” जंगलू म्हणाला. “अजून दोघं-तिघं जण आंधीच उतरले असते, तं मी घेऊन गेलो असतो काठावर.”

“तुले माईत होतं?” किसनराव ओरडले. “मंग सांगतलं काऊन नाई?”

“मले कोणी इचारलं जी?”

बुकातली शाई तोवर वाळली होती.

चार दिवसांनी पूर ओसरला. डोंगा दोन कोसांवर खाली एका नाल्याच्या तोंडाशी चिखलात सापडला, एक फळी सोडली तर धडधाकट. महादेवरावांना निरोप मिळेपर्यंत मनकर्णाबाई जंगलूला आणि भाड्याच्या बैलजोडीला घेऊन तिथे पोचलीही होती. डोंगा ओढत आणून तिने आपल्या अंगणात ठेवला. किसनराव धावत गेले, तर ती म्हणाली, “गावानं सोडला, मी उचलला. वाचा तुमचं बुक.” किसनरावांनी वाचलं. हक्क, अधिकार व संबंध. सर्वानुमते. कायमचा. स्वतःच्याच अक्षरात.

ग्रामसभा बोलावली. विषय एक: डोंगा परत घेणे. मनकर्णाबाई सहा वर्षांनी सभेला आली, पहिल्या रांगेत बसली, आणि तिने आपल्या पुढ्यात पाण्याने भरलेला तांब्या ठेवला. घरून आणलेला. वर फुलपात्र पालथं घातलेलं. महादेवरावांनी तो तांब्या पाहिला आणि समजले, आज संध्याकाळ होणार. झालीही. तिची समजूत घालता घालता सगळ्यांचे घसे सुकले. तिने मध्ये मध्ये दोन घोट घेतले. ठराव झाला नाही.

पुढच्या सभेला वासुदेवरावही तांब्या घेऊन आले. त्याच्या पुढच्या सभेला अकरा तांबे होते. दसऱ्यापर्यंत अशी वेळ आली की ओसरीवर माणसापुढे एक एक तांब्या, एखाद्या पंगतीला बसावं तसं, आणि ठराव एकही नाही. दिवाबत्तीचा नाही, कोंडवाड्याचा नाही. फळ्यावरचा आकडा चारशे तेरावर बसला तो बसलाच. पुण्याहून नवे पाहुणे आले होते. त्यांनी स्वतःचं पाणी स्वतः आणण्याची ही आरोग्यदायी प्रथा वहीत टिपून घेतली आणि विचारलं, एकमत जमतं कसं? महादेवरावांनी चष्मा पुसला, आणि या वेळी पुसतच राहिले.

इकडे नदीपलीकडे कापूस फुटला. पहिल्या वेचणीची सीतादहीची पूजा खोळंबली. मजूर बाया सात कोस चालून वेचायला जाईनात, आणि ज्या जात त्या पोचता पोचता परत फिरायची वेळ होई. लोक चिडले, मनकर्णाबाईवर कमी आणि महादेवरावांवर जास्त. कुणी म्हणालं, बहुमत घ्या. कुणी म्हणालं, पोलीस आणा. देवकाबाई, म्हणजे महादेवरावांची बायको, यातलं काहीच म्हणाली नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “तुमी एकदा तिच्या घरी काऊन नाई जात?”

“ठराव मांडला ना चार डाव.”

“मांडला. जाऊन कवा आले?”

महादेवराव दोन दिवस या गोष्टीवर रागावलेले राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते निघाले. कोट घातला, मग काढून ठेवला. बुक घेतलं नाही, किसनरावांना घेतलं नाही.

मनकर्णाबाईच्या अंगणात डोंगा होता आणि त्यात तिने तीळ वाळत घातले होते. फाकलेल्या फळीवर जंगलूने पत्रा ठोकून दिला होता. मनकर्णाबाई डोंग्याच्या काठाला टेकून तिळातले खडे निवडत होती. “या भाऊजी,” ती म्हणाली आणि पोतं पसरलं. महादेवराव बसले. पावसाचं बोलून झालं, तिळाचं बोलून झालं, तिच्या धाकट्या लेकीच्या बाळंतपणाचं बोलून झालं. ती बोलत होती, तेही बोलत होते, आणि मुद्द्याची गोष्ट काही तोंडातून निघेना. सभेत उभं राहून तासभर बोलणाऱ्या माणसाला साधा एक प्रश्न विचारता येईना, कारण त्यांनी आजवर कुणाला तो विचारलेलाच नव्हता. समोरची म्हातारी नाही म्हणू शकते, आणि ती नाही म्हणाली तर आपल्याला उठून गुपचूप घरी जावं लागेल, हे त्यांना त्या पोत्यावर बसल्यावर पहिल्यांदा उमगलं, आणि त्याची भीती पुराच्या भीतीहून कमी नव्हती.

शेवटी त्यांनी मान खाली घातली आणि विचारलं, “वहिनी, डोंगा द्याल काय गावाले?”

“न्या ना,” मनकर्णाबाई म्हणाली.

महादेवराव थांबले. पुढे अट असणार, ती ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती. ती तिळातले खडे निवडत राहिली.

“अन् अट?”

“अट कायची? इचारलं, देल्ला. तीळ तेवढे संध्याकाळच्यान काढून घेतो, मंग जंगलूले पाठवजा.” तिने एक खडा बोटांत धरून उजेडात पाहिला आणि फेकून दिला. “गावाच्या कामाले कोण नाई म्हणते भाऊजी? तवा असेच येऊन बसले असते ना, तं झाड तवाच देल्लं असतं. कुऱ्हाड बी घरची देल्ली असती.”